कॅन्ससचे काय बिघडले आहे?

कॅन्सस हे नाव माझ्या वाचनात येण्यापूर्वी त्या मुलखाची चव आमच्या घरात येऊन गेली होती, हे मला फार उशिरा कळले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आमच्या गावी अमेरिकेतून आलेला लाल मिलो वाटला जाई. माझा जन्म तेव्हा झालेला नव्हता, पण मिलोची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत कशी तुटे आणि घशाखाली कशी उतरत नसे, याचे वर्णन अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून मी इतक्यांदा ऐकले की ती भाकरी मीच खाल्ली असावी असे वाटावे. ‘जनावराचं खाणं हो ते,’ असे ते म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. ही ज्वारी अमेरिकेत मुख्यतः जनावरांनाच घालतात. तिचे सर्वांत मोठे पीक कॅन्ससमध्ये निघते आणि तिथले शेतकरीही तिला मिलोच म्हणतात. पी. एल. ४८० या ज्या कायद्यामुळे अमेरिकन धान्य भारतात येण्याची वाट पूर्वी रुळली, त्या कायद्यावर १९५४ मध्ये सही करणारे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर याच राज्यातल्या ॲबिलीन गावी लहानाचे मोठे झाले होते.

हे सारे संदर्भ मला अलीकडे जुळले. कॅन्ससकडे मी वळलो ते मात्र एका भांडणामुळे.

भांडण अण्णांशी होते आणि निमित्त निवडणुकीचे. मी नुकताच कॉलेजात कायम झालो होतो. ज्या घराण्याच्या कारभारात गावची पतसंस्था बुडाली, जिच्यात आमचेही थोडे पैसे गेले, त्याच घराण्यातल्या उमेदवाराला अण्णा मत देणार होते. मी त्यांना आकडे सांगितले. बुडीत ठेवी, थकलेली कर्जे, न झालेले रस्ते. ‘अण्णा, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय. असं का करता तुम्ही?’ असे मी शेवटी चिडून विचारले. अण्णा बैलाच्या शिंगाला तेल लावत होते. त्यांनी वर न पाहता विचारले, ‘तू इचारायलास का सांगायलास?’

मला उत्तर सुचले नाही. मतदानाच्या दिवशी ते इस्त्रीचे धोतर नेसून गेले, बोटाला शाई लावून आले, आणि तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

*

त्यानंतर वर्षभराने शहरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात टॉमस फ्रँक यांचे ‘व्हॉट्स द मॅटर विथ कॅन्सस?’ हे २००४ चे पुस्तक हाती लागले. माझे इंग्रजी मराठीच्या प्राध्यापकाचे असते तेवढेच, पण शीर्षक वाचताच ते पुस्तक माझ्यासाठीच ठेवले आहे असे वाटले. कॅन्ससचे काय बिघडले आहे? फ्रँक स्वतः कॅन्ससमध्ये वाढलेले. त्यांचा सवाल असा : एके काळी शेतकऱ्यांच्या बंडाचे माहेरघर असलेले हे राज्य गर्भपात, धर्म, शाळेतला उत्क्रांतिवाद अशा प्रश्नांवर पेटून उठते आणि मत मात्र अशांना देते की जे श्रीमंतांचे कर कमी करतात, गावे ओस पाडतात. माणसे आपल्याच हिताविरुद्ध मत का देतात? पुस्तक तिरकस, धारदार आणि वाचनीय आहे. मी पानापानावर खुणा केल्या, कारण अण्णांना जे मला पटवता आले नव्हते ते इथे एक जण सबंध राज्याला पटवून देत होता.

पण ते शीर्षक फ्रँक यांचे नव्हते. ते त्यांनी जाणीवपूर्वक उसने घेतले होते, आणि त्या उसनवारीचा माग काढताना माझा उत्साह हळूहळू ओसरत गेला.

मूळ प्रश्न १८९६ चा. एम्पोरिया या लहान गावातून निघणाऱ्या ‘गॅझेट’ या पत्राचे तरुण संपादक विल्यम ॲलन व्हाइट यांना एके दिवशी भर रस्त्यात विरोधी मताच्या शेतकऱ्यांनी गाठले, घेरले, हिणवले. ते तणतणत कचेरीत गेले आणि त्यांनी याच मथळ्याचा अग्रलेख लिहिला. त्यांच्या मते कॅन्ससचे बिघडले होते ते असे की तिथले दरिद्री, अडाणी शेतकरी भांडवलाला शिव्या देत होते, आणि त्यामुळे पैसा व माणसे राज्य सोडून चालली होती. रिपब्लिकन पक्षाच्या प्रचारकांनी तो लेख देशभर छापून वाटला. व्हाइट एका रात्रीत प्रसिद्ध झाले.

म्हणजे एकच प्रश्न शंभर वर्षांच्या अंतराने दोनदा विचारला गेला. पहिल्यांदा, शेतकरी धनिकांच्या विरोधात मत देतात म्हणून. दुसऱ्यांदा, ते धनिकांच्या बाजूने मत देतात म्हणून. दोन्ही वेळी आजारी ठरला तो मतदार, आणि वैद्य ठरला तो लिहिणारा. साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थबकायला हवे. एकाच प्रश्नाची दोन नेमकी उलटी उत्तरे निघत असतील, तर त्या प्रश्नाची घडणच तपासून पाहिली पाहिजे.

*

या राज्याचा जन्मच मतदानाच्या वादातून झाला. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरी ठेवायची की नाही हा निर्णय त्या प्रदेशातल्या वसाहतकऱ्यांवर सोपवला. परिणाम असा झाला की दोन्ही बाजूंची माणसे मते देण्यासाठी, आणि प्रसंगी मते लुटण्यासाठी, तिथे येऊन पडली. शेजारच्या मिझुरीतून टोळ्या येत आणि मतपेट्या भरून परत जात. १८५६ च्या मे महिन्यात गुलामगिरीविरोधकांचे लॉरेन्स हे गाव लुटले गेले. त्याच आठवड्यात जॉन ब्राउन आणि त्याच्या साथीदारांनी पॉटावॉटमीच्या काठी पाच जणांना घरातून ओढून ठार मारले. ‘रक्तलांछित कॅन्सस’ हे नाव तेव्हाचे. १८६१ च्या जानेवारीत ते गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले, आणि १८६३ मध्ये क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्स पुन्हा जाळले.

यादवी युद्ध संपल्यावर उत्तरेच्या फौजेतले हजारो सैनिक इथे जमिनी घेऊन राहिले. १८६२ च्या कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर मिळत. ही माणसे लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला मत देत. ज्या दिशेला गोळी झाडली त्याच दिशेला मत द्या, अशा अर्थाची घोषणाच त्या काळात रूढ होती. या मतामागे हिशेब नव्हता, स्मृती होती. १८७७ मध्ये दक्षिणेतून आलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी निकोडिमस हे आपले गाव वसवले तेही याच कॅन्ससमध्ये. ‘पुराणमतवादी राज्य’ हा शब्द आपण आज सहज वापरतो. त्या राज्याच्या पायात गुलामगिरीविरुद्धचे बंड आहे, हे त्यात हरवते.

त्याच पायातून सोवळेपणाही उगवला. १८८१ पासून राज्यघटनेनेच दारूबंदी आली, आणि ती १९४८ पर्यंत टिकली. स्त्रियांना शालेय निवडणुकांत १८६१ पासून, नगरपालिकांत १८८७ पासून मताधिकार मिळाला; त्याच साली अर्गोनिया या गावाने सुसॅना सॉल्टर यांना निवडून देशातली पहिली स्त्री नगराध्यक्ष दिली. दारूबंदी आणि स्त्रियांचा मताधिकार यांतले पुरोगामी कोणते आणि प्रतिगामी कोणते, हे ठरवताना आपल्या खानेसुमारीचे रकाने अपुरे पडतात. तिथल्या चर्चमधल्या बायांना ती एकच चळवळ वाटत होती.

मग आले ते बंड, ज्याच्यासाठी व्हाइट चिडले आणि ज्याच्यासाठी फ्रँक हळहळले. १८८७ नंतरच्या अवर्षणाने आणि कोसळलेल्या भावांनी शेतकरी गहाणवटीत बुडाला. मका विकण्यापेक्षा चुलीत जाळणे परवडावे अशी स्थिती. रेल्वेचे दर आणि सावकाराचे व्याज यांच्या चिमट्यातून पीपल्स पार्टी, म्हणजे पॉप्युलिस्ट पक्ष, जन्माला आला. १८९० मध्ये त्याने कॅन्ससच्या प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवले आणि काँग्रेसच्या सातपैकी पाच जागा जिंकल्या. १८९२ मध्ये राज्यपालपद मिळवले. मेरी एलिझाबेथ लीझ ही वकील बाई सभांमागून सभा गाजवत होती. मका कमी पिकवा आणि दंगा जास्त करा, अशा अर्थाचे तिच्या नावावरचे वाक्य आजही सांगितले जाते. ते आपण बोललोच नव्हतो, पण सल्ला चांगला आहे, असे तिने पुढे सांगितले.

हे बंड दहा वर्षांत विझले. त्यांच्या मागण्या मात्र विझल्या नाहीत. वाढत्या उत्पन्नावर वाढता कर, सेनेटरांची थेट निवडणूक, गुप्त मतदान या गोष्टी पुढच्या काही दशकांत देशाचा कायदा झाल्या. आणि व्हाइट? ज्या मागण्यांची त्यांनी टवाळी केली होती त्यांतल्या कित्येकांचा त्यांनी पुढे पुरस्कार केला. १९२४ मध्ये कू क्लक्स क्लानच्या विरोधात ते राज्यपालपदासाठी अपक्ष उभे राहिले, तिसरे आले, पण क्लानला राज्यभर चव्हाट्यावर आणून बसले. प्रश्न विचारणारा माणूस बदलला. त्याचा प्रश्न मात्र गोठून राहिला, आणि फ्रँक यांच्या हाती पडला.

*

इथे आमच्या वर्गाचा विषय निघतो. एम. ए. च्या मुलांना रूपककथा शिकवताना मी ‘विझर्ड ऑफ ऑझ’ची गोष्ट सांगतो. फ्रँक बॉम यांची ही बालकादंबरी १९०० ची. तिची नायिका डोरोथी कॅन्ससची. वादळ तिला घरासकट उचलून ऑझच्या नगरीत नेते. १९६४ मध्ये हेन्री लिटलफील्ड या शाळाशिक्षकाने एक लेख लिहून दाखवले की ही सारी पॉप्युलिस्ट चळवळीची रूपककथा आहे. बुजगावणे म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कामगार, भित्रा सिंह म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन, पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सुवर्णचलन, आणि डोरोथीच्या पायांतले चांदीचे जोडे म्हणजे शेतकऱ्यांनी मागितलेले रौप्यचलन. (१९३९ च्या चित्रपटात जोडे माणकांचे झाले.) मुले हरखून जातात. एकेक खूण जुळत जाते तसा वर्गात चुळबुळीचा आवाज थांबतो.

मग मी सांगतो की बॉम यांच्या मनात असे काही होते याला पुरावा नाही. लिटलफील्ड यांनी ही कल्पना मुलांना इतिहास गोडीने शिकवण्यासाठी रचली होती, आणि लेखकाचा तसा हेतू मानायला आधार नाही हे त्यांनीही पुढे मान्य केले. वर्गात निराशा पसरते. एकदा एका मुलीने विचारले, ‘सर, पण सगळं इतकं जुळतंय, मग खोटं कसं?’ मी म्हणालो, ‘जुळणे हा वाचणाऱ्याच्या कौशल्याचा पुरावा असतो, संहितेच्या अर्थाचा नव्हे.’ हे वाक्य मी दरवर्षी म्हणतो. त्या दिवशी ते म्हणताना मला बैलाच्या शिंगाला तेल लावणारे अण्णा दिसले.

मतदार नावाची संहिता आपण अशीच वाचतो. तिच्यात शब्द एकच असतो, चिन्हावरचा शिक्का, आणि भाष्य मात्र ग्रंथभर. लॅरी बार्टेल्स या राज्यशास्त्रज्ञाने २००६ मध्ये फ्रँक यांच्या मांडणीची आकडेवारीने तपासणी केली. पदवी नसलेल्या गोऱ्या मतदारांची डेमोक्रॅटिक पक्षाकडून झालेली गळती मुख्यतः दक्षिणेतली आहे, आणि या मतदारांच्या मनात आर्थिक प्रश्नांचे वजन अजूनही सामाजिक प्रश्नांपेक्षा जास्त आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे जुळणी सुरेख होती, पण संहिता तितकी आज्ञाधारक नव्हती.

*

कॅन्ससची संहिता खरोखरच आज्ञाधारक नाही. वरवर तिच्याइतके एकसुरी राज्य नाही. १९४० पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी तिने एकदाच, १९६४ मध्ये, डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला. सेनेटवर त्या पक्षाचा माणूस तिने १९३२ नंतर पाठवलेला नाही. पण १९३६ मध्ये आपल्याच राज्याचे राज्यपाल आल्फ लँडन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना तिने रूझवेल्ट यांना मत दिले होते. राज्यपाल म्हणून तर ती डेमोक्रॅट्सना वारंवार निवडते : डॉकिंग पितापुत्र, कार्लिन, जोन फिनी, कॅथलीन सिबेलियस, आणि २०१८ व २०२२ मध्ये लॉरा केली. २०२२ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर, सेनेटसाठी रिपब्लिकन जेरी मोरान मोठ्या फरकाने आणि राज्यपालपदासाठी केली अटीतटीने निवडून आल्या. दूरच्या राजधानीसाठी एक कौल, घरच्या शाळा-रस्त्यांसाठी दुसरा.

राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या जिरार्ड या खाणगावातून ‘अपील टू रीझन’ हे समाजवादी साप्ताहिक निघे, लाखोंनी खपे. अप्टन सिंक्लेअर यांची ‘जंगल’ ही कादंबरी १९०५ मध्ये तिथेच प्रथम क्रमशः छापली गेली. लँग्स्टन ह्यूज यांचे बालपण लॉरेन्समध्ये गेले. आणि ज्या १९५४ च्या निकालाने देशातल्या शाळांमधले वर्णभेदाचे कायदे मोडले, तो खटला टोपीका या राजधानीच्या शाळामंडळाविरुद्धचा होता. अन्याय इथला आणि त्याविरुद्धचे धैर्यही इथलेच.

नव्वदच्या दशकात राज्याने उजवीकडे वळण घेतले हे खरेच. १९९१ च्या उन्हाळ्यात विचिटा शहरात गर्भपात केंद्रांसमोर आठवड्यांमागून आठवडे धरणे झाले, हजारोंना अटक झाली, आणि त्यातून घडलेले कार्यकर्ते स्थानिक रिपब्लिकन पक्षात शिरले. तिथल्याच डॉ. जॉर्ज टिलर यांना २००९ मध्ये चर्चमध्ये गोळी घातली गेली. १९९९ मध्ये शिक्षणमंडळाने अभ्यासक्रमातून उत्क्रांतिवाद बहुतांशी वगळला. पुढच्याच वर्षी मतदारांनी पक्षांतर्गत निवडणुकीत त्या सदस्यांपैकी काहींना घरी पाठवले आणि २००१ मध्ये तो परत आला. २००५ मध्ये पुन्हा तेच, २००७ मध्ये पुन्हा उलट. २०१२ मध्ये राज्यपाल सॅम ब्राउनबॅक यांनी प्रचंड करकपात केली आणि तिला प्रयोग म्हटले. तिजोरी आटली, शाळांना चिमटे बसले. २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून तो प्रयोग गुंडाळला.

आणि २ ऑगस्ट २०२२. सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा राष्ट्रीय हक्क रद्द करून सहा आठवडेही झाले नव्हते. राज्याच्या घटनेतले गर्भपाताचे संरक्षण काढून टाकावे काय, या प्रश्नावर कॅन्ससमध्ये सार्वमत झाले. देशातले त्यानंतरचे हे पहिलेच. दोन वर्षांपूर्वी ट्रम्प यांना ५६ टक्के मते देणाऱ्या राज्याने सुमारे ५९ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले. ‘नाही’वाल्यांच्या प्रचाराची भाषा पाहण्यासारखी होती. तिचा रोख सरकारच्या सक्तीवर होता : आमच्या घरात सरकारने डोकावू नये. पुराणमतवादी शब्दांतच एक वेगळे वाक्य रचले गेले, आणि ते तिथल्या माणसाला आपले वाटले. २०२४ मध्ये त्याच राज्याने ट्रम्प यांना पुन्हा ५७ टक्के दिले. एकाला दुसऱ्याने खोडायचे कारण त्यांना दिसले नाही.

मतदार नेहमी शहाणाच असतो, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो टाळलेला बरा. गरिबांच्या आरोग्यविम्याची व्याप्ती वाढवणारा ठराव २०१७ मध्ये विधिमंडळाने संमत केला, ब्राउनबॅक यांनी तो अडवला, आणि ज्यांना त्याची गरज होती ते ग्रामीण भाग आपल्या प्रतिनिधींवर त्यासाठी रागावले नाहीत. मतांची किंमत माणसे मोजतात, आणि पुष्कळदा ती भलतीच माणसे मोजतात. फ्रँक यांचे दुःख खोटे नाही. बुडालेली पतसंस्थाही खोटी नव्हती. माझी तक्रार फक्त ‘बिघडले’ या क्रियापदाशी आहे. ते उच्चारले की समोरच्याचे ऐकायचे काही उरत नाही. फक्त औषध लिहून द्यायचे उरते.

*

अण्णा गेले त्याला आता काही वर्षे झाली. दहाव्याला नदीवर त्यांचे एक जुने सोबती आले होते. ७२ सालच्या कामांची गोष्ट निघाली. त्यांनी सहज सांगितले की आजूबाजूची गावे बाहेर जगायला गेली तेव्हा आपले गाव गेले नाही, कारण पाझर तलावाचे काम गावातच निघाले. आणि ते काढण्यासाठी त्या घराण्यातला थोरला माणूस तहसीलच्या ओट्यावर दोन दिवस बसून होता. ‘तुझ्या बापानं तिथंच खडी फोडली, मिलो खाऊन. माय तेव्हा अंथरुणाला होती. गाव सोडावं लागलं असतं तर तिला वाटंतच ठेवावं लागलं असतं.’

ती माझी आजी. ती पुढे अकरा वर्षे जगली.

म्हणजे अण्णा चाळीस वर्षे एक देणे फेडत होते. ते कधीच फिटले होते, पतसंस्था बुडाली त्या दिवशी तर नक्कीच, असे मला आजही वाटते. त्या मताने गावाचे नुकसान झाले हे माझे मतही कायम आहे. पण मी आकडे मांडले त्या दिवशी त्यांच्या हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम माझ्या कागदावर नव्हती. आणि ती आहे का, हे मी विचारलेही नव्हते. सांगितले होते. यादवी युद्धातून परतलेल्या कॅन्ससच्या सैनिकालाही कोणी मुलाने असेच व्याजदर समजावून सांगितले असतील.

आता निवडणूक आली की माझे विद्यार्थी विचारतात, सर, खेड्यातली माणसे अशी मते का देतात? यांतले निम्मे खेड्यांतूनच आलेले असतात. मी त्यांना म्हणतो, घरी जाऊन विचारा, आणि विचारताना आपले उत्तर खिशात ठेवा. काही जण विचारतात. बहुतेक विसरतात.

मी स्वतः गेली वीस वर्षे शहरातल्या शाळेत रांगेत उभा राहून मत देतो. माझ्याही मतामागे काही हिशेब असतात, काही राग, काही जुनी देणी. सगळी सांगण्यासारखी नसतात. त्या भांडणानंतरच्या निवडणुकांत मी कोणाला मत दिले, हे अण्णांनी मला एकदाही विचारले नाही.